मंगलाष्टकातली तिसरी ओळ

गुरुजी, आज सकाळपासून एका मुलीच्या कविता वाचत बसलो आहे. औंढ्याकडच्या एका खेड्यातली मुलगी, शाळेत शिकवते, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिते की खरं काय ते सांगा, मला वाईट वाटणार नाही. वाईट वाटणार आहे, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. एका कवितेच्या कडेला मी पेन्सिलीनं लिहिलं, 'इथं मी थांबलो. का थांबलो ते तुम्ही बघा.' लिहून झालं आणि पेन्सिल खाली ठेवली, कारण ते वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं. रविवारच्या पुरवणीसाठी मी जन्मभर लोकांच्या कविता आणि कथा वाचल्या. अंक ठरल्या वेळी छपाईला जायचाच, त्यामुळे विचार करत बसायला सवड नसायची, आणि सवड नसली की हात आपोआप तुमचंच वाक्य लिहायचा. ते कुणाकडून आलं हे मात्र मी कुणाला कधी सांगितलं नाही. आज तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

हिंगोलीच्या तुमच्या घरी ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार होतं, पण ते लावलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे कविता वाचणाऱ्याला काकूंच्या भाकरी थापण्याच्या आवाजात वाचावं लागायचं आणि काकूंना भाकरी थापता थापता कविता ऐकावी लागायची. निजामाचं राज्य, म्हणून शाळेला सुट्टी शुक्रवारची. आठवडाभर भूगोल आणि हिशेब सगळं उर्दूतून शिकायचं आणि शुक्रवारी दुपारी तुमच्या ओसरीवर मराठीत लिहिलेलं वाचायचं. आम्ही चार-पाच पोरं. चांगलं आणि वाईट हे दोन शब्द तिथं चालत नसत, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. एका वर्गमित्रानं बाजारात विकलेल्या बैलाची गोष्ट लिहून आणली होती आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "बेकार हाय."

तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "बेकार? बरं. कुठं बेकार हाय, बोट ठेव."

मी कागदावर बोट ठेवलं. मग जरा खाली ठेवलं. मग दुसऱ्या पानावर.

"बोट हलवून राहिलास. वाचली न्हाईस तू. गोष्ट सांग मला पहिल्यापासून, कागदाकडं न बघता."

मी सांगू लागलो. बैलाचं लहानपण सांगितलं, त्याच्या गळ्यातली घुंगरं सांगितली, बाजार सांगितला, आणि शेवटी बैल नव्या धन्याबरोबर जाताना माणसासारखा वळून घराकडं बघतो तिथं माझी जीभ अडली. मी बोट तिथं ठेवलं. "बैल असा बघत न्हाई," मी म्हणालो.

"मंग कसा बघतो?"

"बघतच न्हाई. म्होरं चारा दिसला की निघतो."

तर गोष्ट लिहिणारा पोरगा ताडकन उठून बसला. "व्हय गुर्जी! आमचा खरंच तसाच गेला होता! एकदा बी वळून पाह्यलं न्हाई त्यानं. मीच रडून राहिलो होतो."

"मंग तेच लिही की, लेका," तुम्ही म्हणालात, आणि आतून काकूंचा आवाज आला, "आन् तुमी सुपारी बास करा आता, दात ऱ्हायले न्हाईत." एवढंच. पण त्या दिवसापासून दुसऱ्याचा कागद हातात घेताना माझं बोट आधी सावध होतं. त्याच वर्षी तुम्ही मला एक पेन्सिल दिलीत. नवी नव्हती, तुमचीच वापरलेली, मागच्या टोकाला चावलेली. म्हणालात, "परक्याच्या कागदावर शाई वापरायची न्हाई. त्याला पटलं न्हाई तर त्याला खोडता आलं पाह्यजे." हे तुम्ही फारसी शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांकडून घेतलं होतं, असं तुम्हीच सांगायचा. त्यांच्याकडं शागीर्दानं शेर आणायचा आणि उस्तादानं त्याची दुरुस्ती करायची, तिला ते इस्लाह म्हणत. मौलवीसाहेब निकाहात नवरदेवासाठी म्हणायच्या कविता, म्हणजे सेहरे लिहीत, तुम्ही मंगलाष्टकं लिहीत, आणि तुम्ही दोघं एकमेकांची इस्लाह करत ओसरीवर असे भांडायचा की रस्त्यावरून जाणारा माणूस थबकून बघायचा.

मंगलाष्टकांचे दिवस आले की आमच्या कथा-कविता बाजूला पडत. चैत्र-वैशाखात आसपासच्या गावांतून लोक यायचे. कुणी मामा, कुणी चुलता, कुणी खुद्द नवरदेवाचा भाऊ. रात्र रात्र जागून जुळवलेली अष्टकं ते घेऊन यायचे, आणि त्यात वराकडच्या सगळ्या वडीलधाऱ्यांची नावं कोंबलेली असायची. हे लोक कवी नव्हते, पण त्यांच्याइतका जीव लावून लिहिणारे कवी मी नंतर थोडे पाहिले. तिथंच मला वेळेची शिस्त लागली. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, आणि त्याआधी कागद गाडीनं नांदेडच्या छापखान्यात जाऊन गुलाबी होऊन परत यायला हवा. महायुद्धामुळं कागद मिळत नव्हता, म्हणून तर एकही शब्द जास्तीचा चालत नसे. आणि तुमची तपासायची रीत अशी की अष्टक बसून ऐकायचं नाही. मांडवात माणसं उन्हात, हातात अक्षता घेऊन, उभी राहून ऐकतात, तेव्हा आपणही उभं राहूनच ऐकायचं. कोण कुठं उभं आहे हेही ठरवायचं. एक पोरगं नवरी, एक नवरा, मधे काकूंचं लुगडं आडवं धरलेलं, ते अंतरपाट. कुणाचा पाय अवघडला की तुम्ही म्हणायचा, "इथं लांबलं बघा, पाय बोलला."

एके वर्षी शिरड शहापूरहून एक शेतकरी आले. चाळिशीच्या पुढचे, उंच, बोलणं कमी. गावच्या भजनात पेटी वाजवायचे, त्यामुळे कान तयार होता. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्यांनी एकच अष्टक लिहिलं होतं. बाकीची सात भटजी म्हणतील, पण हे एक माझं, असं त्यांचं म्हणणं. कागद पुढं करताना त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता, प्रसाद धरावा तसा.

"गुर्जी, चाल बराबर बसून राहिली का तेवढं बघा. बाकी काई बदलू नका."

"बदलायचंच न्हाई तर हिकडं काहून आलात?" तुम्ही हसत म्हणालात.

"चार लोकांत हसं नको व्हायला म्हणून."

पहिल्या दोन ओळी नेहमीच्या. गजानन होते, कुलस्वामिनी होती, वराचं गाव होतं. चौथी ओळ 'कुर्यात् सदा मंगलम्' कडं पळणारी. पण तिसरी ओळ वाचताना तुमचं बोट थांबलं आणि बराच वेळ हललं नाही. त्यांनी लिहिलं होतं, ज्या बोटाला धरून लेक शिकली चालावया, माय ती. एक अक्षर जड होत होतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मी 'बोटाला'चं 'बोटास' केलं, आणि ओळ एखाद्या दाराला कडी बसावी तशी बसली. त्यांनी ती पेटीच्या माणसासारखी मांडीवर ठेका धरून गुणगुणून पाहिली. *ज्या बोटास धरून लेक शिकली चालावया, माय ती.* त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, कविता लिहिणाऱ्याचा चेहरा हाच.

मग हळूहळू कळलं ते असं. मुलीची आई बाळंतपणानंतर वर्षाच्या आत गेली होती. त्यांनी दुसरं लग्न केलं तेव्हा मुलगी रांगत होती. या दुसऱ्या बाईंनी तिला वाढवलं, त्यांना स्वतःला मूल झालं नाही. पण गावानं त्यांना सावत्र या शब्दापलीकडं जाऊ दिलं नाही. मुलीची मावशी, म्हणजे पहिल्या बायकोची बहीण, लग्नाच्या बोलणीपासून येऊन बसली होती आणि पदोपदी माझी बहीण असती तर, माझी बहीण असती तर, असं चालू होतं. "मला भांडता येत न्हाई गुर्जी," ते म्हणाले. "म्हनून म्हटलं, भर मांडवात, सगळ्या सोयऱ्यांम्होरं, अष्टकातच म्हणून टाकावं. तिच्या कानावर एकदा पडलं की बास."

तुम्ही मान हलवलीत. मीही मनातल्या मनात ओळ पुन्हा म्हणून पाहत होतो. मौलवीसाहेब आले होते, त्यांना ओळ ऐकवली तर ते "वाह" म्हणाले, आणि मराठी ओळीला त्यांनी वाह म्हटलेलं मी त्या एकाच दिवशी ऐकलं. मग नेहमीप्रमाणे सगळे उठलो. मी नवरी. दुसरा एक पोरगा नवरा. लुगडं आलं.

"मास्तर, मैं किसका बाप?" मौलवीसाहेबांनी विचारलं.

"तुमी नवरदेवाचे. तिकडं उभे राहा, जरा रागात."

"रागात काहून?"

"वराचा बाप हाय म्हणून."

हसू झालं. मग तुम्ही आत पाहून हाक मारलीत, "अहो, जरा बाहेर या. नवरीच्या आईच्या जागी उभं राहायचंय. ओळ तिच्यासाठी हाय, तिला कशी ऐकू येते ते बघू."

काकू पिठाच्या हातानं दारात आल्या. आमच्याकडं, त्या शेतकऱ्याकडं, आडव्या लुगड्याकडं पाहिलं. आणि म्हणाल्या, "आवं, पण मी तिथं कशी उभी राहीन? नवरीची आई मांडवात असती का कदी? ती तिकडं तुळशीपाशी पाणी घालत बसती न्हाई का अष्टकं व्हईपर्यंत? आईनं ऐकायचं नसतं."

गुरुजी, आपण सगळे किती शहाणे होतो! तुम्ही आयुष्यभर मंगलाष्टकं लिहिलेली, मी वृत्तांचा अभ्यास केलेला, ते गृहस्थ दर लग्नसराईत मांडवात पेटी घेऊन बसणारे. आईनं लेकीची अष्टकं ऐकायची नाहीत, तिनं मांडवामागं तुळशीपाशी बसायचं, हे आपल्यापैकी प्रत्येकानं लहानपणापासून पाहिलेलं. पण ओळ इतकी चांगली होती की ती ज्या बाईसाठी होती तिचीच जागा आपण पाहिली नाही.

ते शेतकरी खाली बसले. म्हणाले, "म्हंजी तिला ऐकूच येनार न्हाई?" आणि मग एकदम काही आठवून, "न्हाई न्हाई. यील. तुळशीपाशी मावशी बसणार हाय. तिनं आधीच सांगून ठेवलंय, माझ्या बहिणीची जागा हाय, मी बसते म्हणून. मंग ही मांडवातच राहील की. बराबर हाय. ऐकंल ती."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "ऐकंल. पण कोण म्हणून ऐकंल?"

काकू दारातच उभ्या होत्या. मी लुगड्याचं टोक अजून हातात धरलं होतं आणि ते खाली सोडावं की नाही हे मला कळत नव्हतं. त्या गृहस्थांनी तुमच्या हातातला कागद परत घेतला आणि तिसऱ्या ओळीवर आपलंच बोट ठेवलं. "मावशीशी भांडावं लागंल," ते म्हणाले, अगदी हळू.

"लागंल."

"म्हनून तर हे लिवलं होतं गुर्जी. भांडायला लागू न्हाई म्हणून."

तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात. मला वाटलं, आता तुम्ही सांगणार, ओळ काढा. तुम्ही म्हणालात, "ओळ चांगली हाय. खोटं न्हाई सांगत तुम्हाला. आज बारा गावांत अशी ओळ कुणी लिहिली नसंल. पण तुम्ही हे लोकांना सांगून राहिला, की ती माय हाय. आन् तिला मात्र मायच्या जागेवरून उठवून सांगून राहिला. इथं मी थांबलो. म्होरलं तुमचं तुम्ही बघा. कागद तुमचा हाय."

"मंग माझ्या ओळीचं काय?" त्यांनी विचारलं. हे विचारताना ते मुलीचे बाप नव्हते, नवरा नव्हते, फक्त कवी होते, आणि मला त्यांची इतकी माया आली. आजही कुणी लेखक अशा आवाजात बोलला की मी पुढचं वाक्य जपून बोलतो.

"ते मला न्हाई ठाऊक," तुम्ही म्हणालात.

काकूंनी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. छापखान्याला कागद ते स्वतःच देणार होते, त्यामुळं पुढं काय झालं ते आपल्याला कळलं नाही. लग्नाचं आमंत्रण मात्र आलं. औंढ्यापर्यंत मोटार आणि पुढं त्यांनी पाठवलेली बैलगाडी, मी तुमच्याबरोबर आलो होतो. मांडवात शिरताना हातात गुलाबी कागद आला, आणि मी आधी तिसरी ओळ शोधली. त्या ओळीत आता दाराला आंब्याचं तोरण होतं, अंगणात सडा होता, सनई मंजुळ वाजत होती. शंभर अष्टकांत असते तशी ओळ. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही कागदाची घडी घालून टोपीत ठेवलीत.

पण अंतरपाट धरण्याआधी घरात काय घडलं ते आपण दोघांनी ऐकलं, कारण भिंत मातीची आणि दार उघडं. मावशी मोठ्यानं बोलत होती, "आई मेली तिची! मेलेल्या माणसाची जागा कुनी घेत न्हाई."

नवरीच्या वडिलांचा आवाज आधी ऐकूच आला नाही. मग आला. "तुमची बहीण देव झाली, मावशी. तिच्या फोटूला पहिला हार मी घातला, सकाळीच. पन तुळशीपाशी हिची आई बसंल. आई घरात हाय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हनू द्या. तांब्या भरून द्या तिला, टाइम झाला."

यात कसलीच चाल नव्हती. मावशी रडत होती आणि तिचंही खोटं नव्हतं, तीही कुणाची तरी जागा राखत होती. मग नवरीचाच आवाज आला, बाशिंगाआडून, चिडका आणि घाईचा, "आई, जाय की गं लवकर! भटजी बोंबलून राहिलाय." आणि एक बाई तांब्या घेऊन घाईघाईनं मागच्या अंगणाकडं गेल्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, डोक्यावर पदर होता. मांडवात अंतरपाट धरला गेला. भटजींची अष्टकं झाली आणि मग त्या गृहस्थांनी आपलं म्हटलं, सड्याचं आणि तोरणाचं. गळा गोड होता. लोकांनी अक्षता टाकल्या, सोयरे खूश झाले, वरपक्षातल्या कुणीतरी वाह वाह केली. परतताना बैलगाडीत मी न राहवून म्हणालो, "गुरुजी, अष्टक बिघडलं." तुम्ही म्हणालात, "व्हय. बिघडलं," आणि बराच रस्ता झाल्यावर, "चांगलं बिघडलं," असं म्हणून डोळे मिटून घेतलेत.

पुढं निजामाचं राज्य जातानाच्या धामधुमीचे दिवस आले, शाळा बंद पडल्या, मौलवीसाहेब आपल्या मुलाकडं निघून गेले, आणि तुम्ही अठ्ठेचाळीस सालच्या थंडीत गेलात तेव्हा मी गावात नव्हतो. दहाव्याला पोहोचलो. काकूंनी मला जेवायला बसवलं आणि नव्यानं काय लिहिलंस ते विचारलं. मी वाचून दाखवलं, त्या भाकऱ्या करत ऐकत राहिल्या. नंतर वर्तमानपत्रात नोकरी लागली. किती जणांच्या कविता मी सुधारल्या, त्यातल्या काही खरंच सुधारल्या. पण कविता बिघडवून माणसाचं बरं होणार असेल तर तसं सांगायचं धैर्य, गुरुजी, मला क्वचितच झालं. माझं काम पान भरायचं होतं, आणि पानाला चांगली ओळ हवी असते.

तुळशीपाशी बसलेल्या त्या बाई मला एकदा भेटल्या. नांदेडला, दवाखान्याच्या बाकावर, पुष्कळ वर्षांनी. त्यांचे यजमान केव्हाच गेले होते. सोबत मुलगी होती, ती आता स्वतः सासू झालेली, आणि डॉक्टरांचा कागद घेऊन, "आई, हितं बस, हलू नको," असं दटावून औषधं आणायला गेली होती. बोलण्यात शिरड शहापूरचं आणि त्यांच्या यजमानांचं नाव आलं, तेव्हा मी ओळख दिली. बाईंना तुमची ओसरी ऐकून माहीत होती.

"तुमीच का ते! मंग सांगा मला," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरून हसू लागल्या. "आमच्या मालकानं महिनाभर माझं डोकं खाल्लं. अष्टक लिहून राहिलो, अष्टक लिहून राहिलो. रातचं उठून बसायचे. मला एक अक्षर ऐकवायचे न्हाईत. म्हनायचे, मांडवात ऐक. मी मेली तुळशीपाशी! मंग पुढं लेकीनं तो गुलाबी कागद वाचून दावला, तर काय, आंब्याचे डहाळे आन् सडा! एवढ्याला महिना लागतो व्हय? का तुमच्या गुर्जींनी काई काढलं त्यातलं?"

ओळ माझ्या ओठावर होती. सबंध, एकही अक्षर न चुकता. समोरून मुलगी औषधं घेऊन येत होती, आणि बाई माझ्याकडं पाहत होत्या, अजून हसत. ओळ सांगितली असती तर ती त्यांना कुठल्या जागी उभं करून ऐकवायची होती तेही सांगावं लागलं असतं.

"एक ओळ होती," मी म्हणालो. "वृत्तात बसत नव्हती."

"असंल," त्या म्हणाल्या, आणि लेकीनं हात पुढं केला तो धरून उठल्या.

वृत्तात ती अगदी बरोबर बसत होती, गुरुजी. हे फक्त तुम्हालाच सांगतो आहे.